घटाची माती

कल्पना करा, मुलांनो. मार्गशीर्षातली सकाळ आहे आणि तुम्ही अनवाणी एका वावरात उभे आहात. काळं रान आहे. वरून कोरडं, भेगाळलेलं. पण टाच जरा दाबली की खाली थंड, ओलसर लागतं. वाका आणि मूठभर माती उचला. नाकाशी न्या. त्या वासाला नाव नाही, पण एकदा घेतला की जन्मभर विसरत नाही. त्या मुठीत कुजलेली पानं आहेत, मेलेल्या किड्यांची धूळ आहे, तुमच्या पणजोबांच्या बैलांचं शेण आहे. आणि एक खडक आहे, जो ऊनपावसानं झिजत झिजत इतका बारीक झाला, की आता तुमच्या बोटांमधून सांडतोय.

आता हीच कल्पना पुन्हा करा. तेच वावर, तीच सकाळ. तुम्ही वाकता, आणि मुठीत काहीच येत नाही. नखं दगडावर घासतात.

बलभीम आबांना ही दुसरी कल्पना करावी लागत नव्हती. डोळे उघडे असले तरी, मिटले तरी, त्यांना तेच दिसायचं.

येडशीच्या पुढं रामलिंगाच्या डोंगरातून एक ओढा खाली उतरतो. त्या ओढ्याकाठी आबांचं तीन एकर रान होतं. सातबारावर ते अजून आहे. तीन एकर म्हणजे तीन एकर, कागदावरून काही वाहून जात नाही. पण भाद्रपद सरता सरता जो पाऊस लागला, तो लागलाच. घट बसले, आणि तिसऱ्या माळेच्या पहाटे ओढा काठात राहिलाच नाही. सरळ आबांच्या रानात शिरला. उभं सोयाबीन घेऊन गेला, बांध घेऊन गेला आणि मग माती घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आबा बघायला गेले, तेव्हा रानात पिवळा मुरूम उघडा पडला होता. काही ठिकाणी मुरूमही नव्हता, नुसता काळा खडक, धुऊन पुसून ठेवलेल्या पाट्यासारखा. विहीर वाळूनं काठोकाठ भरली होती. आबा बांधावर उभे राहायला गेले, तर बांधच नव्हता. मग ते आले त्याच पावली घरी परतले आणि त्यानंतर तिकडं गेले नाहीत.

दिवाळी झाल्यावर त्यांचा मुलगा युवराज धाराशिवला गेला. तिथं तो दुसऱ्याची रिक्षा चालवतो. सून सोनालीही त्याच्याबरोबर गेली. नात शिवांजली चौथीत. शाळा मध्येच कशी सोडवायची, म्हणून ती आजी-आबांजवळ राहिली.

ही शिवांजली आबांच्या बोटाला धरून वाढली होती. आबा फार शिकलेले नाहीत, पण पोरीनं काही विचारलं आणि आबांनी "गप बस" म्हटलं, असं कधी झालं नाही. गांडूळ माती का खातं, टिटवी उघड्यावर अंडी का घालते, ज्वारीच्या ताटाला खालून सुटणाऱ्या मुळ्या कशासाठी, हे तिला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. ओढा ओलांडताना आबा वाकून पाण्याला हात लावायचे आणि तो ओला हात कपाळाला लावायचे. तीही तसंच करायची. "का लावायचा?" असं तिनं एकदा विचारलं होतं. आबा म्हणाले होते, "आपण त्याच्या दारातनं जातोय. रामराम नको का घालायला?"

पूर आल्यापासून तिनं रामराम बंद केला होता.

येळवशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. तुम्ही धाराशिवकडचे असाल तर येळवस सांगायला नको. नसाल तर इतकं सांगतो, की मार्गशीर्षातल्या अमावस्येला इकडची गावंच्या गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, म्हणजे लहानशी खोपटी. तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा करायची, आंबील, म्हणजे ताकातली ज्वारीची पातळ पेज, उभ्या पिकावर शिंपडायची आणि मग सगळ्यांनी मांडी घालून मातीत जेवायला बसायचं. ताटात भज्जी हवीच, रानातल्या शेंगा-पाल्याची मिसळभाजी. त्या दिवशी घरात चूल पेटवून बसणाऱ्याला लोक आजारी समजतात.

आजी, म्हणजे सारजाबाई, ओसरीवर आंबिलीच्या मडक्याला चुन्याचे पट्टे ओढत होत्या.

"आवो, उद्याचं काय?" त्या म्हणाल्या.

"काय म्हंजे काय?"

"येळवस हाय उद्या. भज्जीच्या शेंगा म्या यंदा बाजारातनं आणल्या. तेबी करून बघितलं. पर खायाचं कुठं बसून?"

"घरात बसून."

"घरात बसून येळवस? मंग पोळ्याला बैलं माडीवर चढवा अन् दिवाळीला दिवं कणगीत लावा." सारजाबाईंनी कुंचला चुन्यात बुडवला. "तुमचं आपलं कायबी."

आबा हसले नाहीत. शिवांजली त्यांच्यापाशी वही घेऊन बसली होती. तिनं पेन्सिलीचं टोक दातात धरलं आणि विचारलं, "आबा, ते कृषीवालं सायेब बघायला आल्तं, ते काय म्हनलं? बोटभर माती व्हायला किती वर्सं लागत्यात?"

"दोनशे म्हनलं. जास्तीबी लागत्यात म्हनलं."

"अन् आपल्या रानात माती किती व्हती?"

आबांनी बसल्या बसल्या हात कमरेला लावला. "हिरीजवळ हितवर."

"उभं राव्हा."

आबा उभे राहिले. शिवांजलीनं त्यांच्या पायापासून बोट आडवं धरून मोजायला सुरुवात केली. बोटावर बोट, बोटावर बोट, धोतराच्या निऱ्यांवरून वर. मध्ये चुकली, पुन्हा खालून मोजलं. "पन्नास," ती म्हणाली आणि खाली बसून गुणाकार मांडला. शून्यं मांडताना तिनं ती दोनदा मोजली.

"धा हजार आलं, आबा."

"आसंल."

"धा हजार वर्सांनी मी कितवीत आसंन?"

सारजाबाईंचा कुंचला मडक्यावरच थांबला. चुन्याचा एक ओघळ खाली आला.

"तवर पप्पा रिक्षाच चालवत्याल का?" शिवांजलीनं विचारलं. तिनं वही मिटली. "समदं त्या ओढ्यानं केलं. चोरटा. आपली माती नेली, अन् पप्पा-मम्मीलाबी नेलं."

तीन महिने आबा याच जागी येऊन गप्प बसत होते.

कारण आबांना खरं माहीत होतं. सहा वर्षांपूर्वीपर्यंत ओढ्याच्या वळणावर, आबांच्या बाजूला, करंजांची एक रांग होती. वीस-बावीस जुनी झाडं. मध्ये मध्ये निरगुडी, सिंदी. आबांच्या वडिलांच्याही आधीची ती झाडं. त्यांच्या मुळ्या काठातून बाहेर आलेल्या, पाण्यात बोटं घातल्यासारख्या. येळवशीचे पांडवही त्यातल्याच एका करंजाखाली मांडलेले असायचे. त्या वर्षी शिवारात जेसीबी आला होता. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: काठ सरळ करून घ्या, झाडाखालची पडीक जागा पिकाखाली येते. आबांनीही करून घेतला. मशीन यायच्या आधी त्यांनी पाच दगड स्वतःच्या हातानं उचलले, धुतले, लांब बांधावर नेऊन मांडले आणि हात जोडले. देव हलवला म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं. दुपारपर्यंत झाडं आडवी होती, संध्याकाळपर्यंत वळण बुजलं होतं. आठ गुंठे वाढले.

सहा वर्षं त्या आठ गुंठ्यांत सोयाबीन चांगलं आलं. वरच्या अंगाला महालिंगप्पाचं रान. दोघं लहानपणापासूनचे सोबती. त्यानं आपले करंज ठेवले होते. आबा त्याला चिडवायचे, "तुझ्या रानात झाडं ऊन खात्यात, माझ्या रानात पीक खातंय." महालिंगप्पा म्हणायचा, "खाऊ दे की. आधी जेवायला बसलेल्याला उठवू नये."

पूर आला तो दोघांच्याही रानात आला. पण महालिंगप्पाच्या रानात पाणी झाडांमधून वाट काढत, दमून शिरलं. त्याचं पीक कुजलं, माती राहिली. वर बोटभर गाळही बसला. आबांच्या रानात पाणी सरळ, धावत आलं. मोकळ्या दारातून येतं तसं.

हे सगळं पोरीला सांगायचं राहिलं होतं. राहिलं होतं म्हणजे आबांनी ठेवलं होतं. तिनं पहिल्यांदा ओढ्याला चोर म्हटलं, तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी त्यांना वाटलं, की सगळं गेलं, निदान हिच्या डोळ्यांतला आपला आबा तरी राहू दे. पुढं रोज ती ओढ्याला शिव्या द्यायची आणि रोज सांगणं आणखी जड होत जायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी युवराजचा फोन आला. येता येत नाही म्हणाला, सणाचं गिऱ्हाईक आहे. शिवांजली फोनवर नुसती "हूं, हूं" करत राहिली आणि फोन आजीकडं देऊन आत गेली.

ऊन अंगणात आलं तसा दारातून आवाज आला. "बलभीम! ए बलभीम! मेलास का हाईस?"

महालिंगप्पा होता. सत्तरी दोघांनीही ओलांडलेली, पण त्याला आबांना अहोजाहो करणं कधी जमलं नाही.

"हाय," आबा म्हणाले.

"मग ऊठ की. पान वाढलंय तुझं आमच्या कोपीत."

"पान वाढायला म्या काय पाव्हणा हाय?"

"पाव्हणाच. मुंडावळ्या बांधू का? वैनी, उचला ती आंबील. आमच्या इरम्मानं सांगितलंय, बलभीमाला आणल्याबिगर आला तर तुमालाबी भज्जी न्हाय." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "चल रं. साठ वर्सं झाली, बांधावरनं तुझी पळीभर आंबील माझ्यात अन् माझी तुझ्यात पडतीय. बांध गेला म्हनून पळी ठिवून द्यायची का?"

आबा उठले. जन्मात पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या कोपीत येळवस जेवायला निघाले होते.

शिवांजलीनं पाठीला दप्तर लावलं होतं. "शाळंला निघालीस का येळवशीला?" सारजाबाईंनी विचारलं. "आसू दे," ती म्हणाली.

वाटेत ओढा लागला. आता त्यात घोट्याइतकं पाणी होतं, नितळ, बारीक खड्यांवरून खुळखुळत जाणारं. त्यानं काही केलं असेल, असं बघून कुणाला वाटलं नसतं. महालिंगप्पानं वाकून पाण्याला हात लावला, सारजाबाईंनी लावला. शिवांजली दगडांवरून उड्या मारत पलीकडं गेली आणि काठावर उभं राहून पाण्यात थुंकली.

"ए, ए!" सारजाबाई ओरडल्या. "आवो, बघा ही पोरगी!"

आबांनी बघितलं. पण ते काय बोलणार? त्यांनी स्वतःही हात लावला नव्हता. तीन महिन्यांत त्यांना ते धाडस झालं नव्हतं.

महालिंगप्पाचं रान हिरवंगार होतं. ज्वारी आबांच्या छातीला लागत होती. कोप पूर्वेला तोंड करून बांधलेली. आत पाच पांढरे पांडव. महालिंगप्पाची बायको इरम्मा अक्कलकोटकडची, तिच्या तोंडात अजून माहेरची कानडी. "बर्री, बर्री," म्हणजे या, या, म्हणत तिनं सारजाबाईंच्या हातातलं मडकं घेतलं आणि शिवांजलीच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. पूजा झाली. महालिंगप्पाच्या नातवानं, नंदीशनं, आंबिलीत ज्वारीचं ताट बुडवलं आणि पिकाच्या कडेकडेनं शिंपडत पळत सुटला. "ओलगे ओलगे, सालम पलगे! ओलगे ओलगे, सालम पलगे!" त्या शब्दांचा धड अर्थ आता कुणाला सांगता येत नाही, पण ते ओरडले नाहीत तर येळवस झाली असं वाटत नाही. शेजारच्या रानातून तीच आरोळी आली, तिच्या पलीकडून आणखी एक. सगळं शिवार एकमेकाला हाका मारत होतं.

आबांनी कान देऊन ऐकलं. सगळीकडून आवाज येत होते. फक्त खालच्या अंगाकडून, जिथं त्यांचं रान होतं, तिथून काही येत नव्हतं. दरवर्षी तिकडून त्यांचाच आवाज असायचा.

जेवायला बसले. भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, खीर. इरम्मा वाढता वाढता थांबायला तयार नव्हती. आबांनी ताटाशेजारी हात टेकवला, तो मऊ मातीत रुतला. त्यांनी हात तसाच ठेवला. जेवण संपेपर्यंत काढला नाही.

शिवांजलीनं उंड्याचा एक तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवून उठली. ती ओढ्याच्या काठाला गेली, करंजाच्या खोडाआड. थोड्या वेळानं पाण्यात दगड पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. आणि प्रत्येक दगडाबरोबर, "चोरटा! चोरटा!"

"कुणावर चिडली गं माजी बाय?" महालिंगप्पानं बसल्या जागेवरून विचारलं.

"ओढ्यावर! चोर हाय त्यो!"

"ओढा कशाला चोर आसंल, पोरी? तुझ्या आब..."

महालिंगप्पा थांबला. त्यानं आबांकडं बघितलं, मग पटकन ताटाकडं. "आबासाठी खीर वाढ गं," तो इरम्माला म्हणाला. "बशीत कशाला, वाटीत घाल."

आबांच्या वाटीत खीर होतीच.

म्हणजे महालिंगप्पालाही कळलं होतं, की हिला काही सांगितलेलं नाही. आणि जन्मभर जिभेला हाड नसलेला हा माणूस आपली लाज झाकायला खिरीचं निमित्त करत होता. आबांना तो एक क्षण पुरापेक्षा जड गेला. त्यांनी हात धुतला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि काठाकडं गेले.

"चल," ते शिवांजलीला म्हणाले. "आपल्या रानात जाऊ."

"हाय कुठं आपलं रान?"

"चल तर."

ती आली. त्यांच्या हातात हात दिला. महालिंगप्पाचा शेवटचा करंज ओलांडला की आबांची हद्द. एका पावलाच्या अंतरात पायाखालचा आवाज बदलला. मऊ होतं ते करकरायला लागलं.

आबा तीन महिन्यांनी इथं उभे होते. पाऊस उलटून गेला होता, थंडी पडली होती, तरी एक गवताची काडी उगवली नव्हती. उगवणार कशात? मुरमावर ऊन पडून डोळ्यांवर चमकत होतं. वाळूनं भरलेल्या विहिरीवर एक कावळा बसला होता. तोही उडून गेला.

"हितं," आबा म्हणाले आणि काठीनं खडकावर एक वाकडी रेघ दाखवली, "हितनं ओढा वळायचा. आसा. अन् ह्या कडंला करंज व्हते. महालिंगप्पाच्या रानात हायती, तसलेच. त्याच्यापरास जुने."

"मंग कुठं गेले? पुरात?"

"न्हाय." आबांनी काठी टेकवली. "तुझ्या जन्माच्या येळंला व्हते. तू तीन वर्सांची झालीस, तवा म्या काढले."

"का?"

"जागा वाढावी म्हनून. सोयाबीनच्या धा-बारा वळी जास्ती."

शिवांजलीनं त्या जागेकडं बघितलं, मग मागं वळून महालिंगप्पाच्या करंजांकडं. त्यांच्या मुळ्यांकडं ती बराच वेळ बघत होती.

"मुळ्या माती धरून ठिवत्यात," ती सावकाश म्हणाली. पाठ केलेलं म्हणून दाखवतात तशी. "तुमीच सांगितलंय मला. पहिलीत असताना. त्या करंजाखाली बसवून."

"व्हय."

"मला सांगितलं, तवा तुमचे काढून झालते?"

"व्हय."

"सांगताना तुमाला आठवलं न्हाय?"

खोटं बोलायची ही शेवटची जागा होती. आठवलं नाही म्हटलं असतं, तर तिनं ते मानलं असतं. म्हातारी माणसं विसरतातच.

"आठवलं," आबा म्हणाले.

वारा सुटला होता. लांबून कुणाच्या तरी रानातून हसण्याचा आवाज आला.

"कुणी सांगितलं नव्हतं का तुमाला, नका काढू म्हनून?"

"महालिंगप्पानं सांगितलं. तुझ्या आज्जीनं सांगितलं. माझा बाप तर मरताना सांगून गेलता, वड्याची वाट अडवू नका म्हनून." आबा खाली बसले. गुडघे वाकताना कटकन वाजले. "वड्यानं काय चोरलं न्हाय, बाई. म्याच दार उघडं टाकलं. त्यो फक्त आला."

"मंग मी त्याला तीन म्हैनं शिव्या दिल्या त्या?"

आबा समोरच्या खडकाकडं बघत राहिले. माणसाचं चुकलं की माणसाच्या पाया पडता येतं. तो रागावतो, शिव्या देतो, अबोला धरतो, आणि एक दिवस जाऊ दे म्हणतो. पण ओढा रागावून आला नव्हता. त्याला आबांचे करंज आठवत नव्हते, आठ गुंठे माहीत नव्हते. पाण्याला उतार माहीत, एवढंच. आणि ज्याला रागच नाही त्याची माफी कुठं मागायची? सगळ्या जन्मात आबांनी या रानाला माय म्हटलं होतं, ओढ्याला रामराम घातला होता, झाडाला पाय लागला तर नमस्कार केला होता. त्यांना वाटायचं, तिकडूनही कुणीतरी बघतंय, सांभाळून घेतंय. तिकडून कुणीच बघत नव्हतं. सांभाळणाऱ्या होत्या त्या मुळ्या. त्यांनी कधी काही म्हटलं नाही, म्हणून त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नाही.

आणि पन्नास बोटं. त्या पोरीनं काल त्यांच्याच अंगावर मोजलेली पन्नास बोटं.

शिवांजलीनं पाठीवरचं दप्तर काढलं. आतून एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्याचं झाकण नखानं उचकटलं.

आत काळी माती होती. सुकलेली, ढेकळं झालेली, तिच्यात गव्हाच्या पिवळ्या मुळ्यांची जाळी अडकलेली.

आबांनी ती ओळखली. आपल्याच घरातलं मूल गर्दीत ओळखावं तशी. घटस्थापनेच्या सकाळी ते दोघं रानात आले होते, पूर यायच्या दोनच दिवस आधी. घटाखाली आपल्याच रानातली माती लागते. आबांनी विहिरीजवळची चांगली माती खुरप्यानं काढून दिली होती आणि शिवांजलीनं ती टोपलीत डोक्यावर घेऊन घरी आणली होती, सांडू नये म्हणून मान ताठ ठेवून. त्या मातीत गहू पेरला, पत्रावळीवर घट बसला. बाहेर रान वाहून जात होतं, तेव्हा देव्हाऱ्यात त्याच रानाच्या मूठभर मातीत गव्हाला कोंब फुटत होते.

"आज्जी म्हनली व्हती दसऱ्याला, तुळशीत टाक," शिवांजली म्हणाली. "पर दरवर्षी तुमी म्हनता, ज्या वावराची माती त्या वावरात. म्हनून म्या ठिवली. तुमी कधी रानात नेताल म्हनून वाट बघत व्हते."

आबांनी डब्याकडं हात नेला. बोटाच्या टोकानं एक ढेकूळ दाबलं. ते फुटलं. तीन एकरांतलं एवढंच उरलं होतं. एका बिस्किटांच्या डब्यात मावेल इतकं.

"टाक," ते म्हणाले. "ह्या फटीत टाक. वर दगूड ठिवू, म्हंजे वाऱ्यानं जाणार न्हाय."

शिवांजलीनं त्या फटीकडं बघितलं. मग खडकाकडं, जिथवर नजर जाईल तिथवर. मग आबांकडं. आजवर तिनं आबांकडं अनेकदा बघितलं होतं, पण असं नाही. शाळेत नवीन आलेल्या मास्तरांकडं मुलं बघतात, तसं. हे खरं सांगतात की नाही ते अजून ठरायचं असतं.

मग तिनं डब्याला झाकण लावलं.

ती उठली आणि चालू लागली. आबांची हद्द ओलांडून महालिंगप्पाच्या त्या शेवटच्या करंजाखाली गेली. तिथं दोन मोठ्या मुळ्यांच्या बेचक्यात, पानांचा कचरा हातानं बाजूला करून तिनं डबा उपडा केला. तळाशी चिकटलेली माती बोटानं खरवडून काढली. ढेकळं एकेक करून फोडली, दाबली, वर पुन्हा पानं सारली. तेवढं करून ती काठावरून खाली उतरली, रिकामा डबा ओढ्यात बुडवून धुतला, उपडा धरून झटकला. थोडा वेळ पाण्याकडं बघत उकिडवी बसली. मग ओला हात कपाळाला लावला, एकदा आणि पुन्हा एकदा, आणि खडकावर बसलेल्या आबांकडं न वळता एकटीच कोपीच्या दिशेनं निघाली.